परबांची गुलाबी बाथरूम

सांगते, पण मधे कुणी बोलायचं नाही. चहा प्या, खारी बुडवा, हसायचं तेवढं हसा, पण शेवटी "मंदा, चुकलं तुझंच" हे एक वाक्य सोडून काय हवं ते म्हणा. ते वाक्य मी आमच्या ह्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मला ते ऐकूच येत नाही. माझं काही चुकलेलं नाही. फजिती झाली, ती वेगळी. फजिती कुणाचीही होते.

तर गोष्ट एका बाथरूमची.

आम्ही मुलुंड पूर्वेचे. तेव्हा रंगीत टीव्ही नुकते आले होते आणि आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्याकडे काहीतरी नवीन. आमच्याकडे काय होतं? मोरी. खाली शहाबादी फरशी, तीही मधोमध खचलेली, म्हणजे आंघोळ करताना आपण तळ्यात उभे. भिंतीच्या ऑइलपेंटचे पोपडे पाठीला चिकटायचे. दरवाजा खालून कुजला म्हणून ह्यांनी त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला होता, तो डब्यावरच्या चित्रासकट. पाहुणे आले की मी आधी तो दरवाजा उघडून भिंतीला लावून ठेवायची, म्हणजे चित्र दिसायला नको.

ह्यांना सांगितलं की हे म्हणायचे, "बघू." लग्न झाल्यापासून बघतच होते.

शेवटी योग कसा आला बघा. आमची एकुलती एक मुलगी नंदा, बी.कॉम. झाली, बँकेत लागली आणि तिने जाहीर केलं की दोन वर्षं माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही. मी मनात म्हटलं, देव पावला. तिच्या लग्नासाठी बाजूला टाकलेले पैसे दोन वर्षं नुसते पडून राहणार, मग तेवढ्यात बाथरूम का नाही करायची? मी ह्यांच्या मागे भुणभुण लावली. हे कसेबसे हो म्हणाले, पण अट घातली. पैसा एकाच कामापुरता आहे. मधेच लग्न ठरलं तर बाथरूमवर पाणी सोडायचं. आणि भिंत फोडायची ती एकदाच, तेव्हा काय हवं ते आधी नक्की कर.

लग्न कुठलं मधेच ठरतंय, म्हणून मी तिथल्या तिथे कबूल झाले.

पण नक्की करायचं कसं? मी टाइल्सच्या दुकानात गेले. त्याने एक टाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बघा. आता शितावरून भाताची परीक्षा होते, एका टाइलवरून बाथरूमची होते का? त्यासाठी लोकांच्या बाथरूम बघायला हव्यात. आणि कुणाला सांगायची तर सोय नाही. आमच्या खालच्या मजल्यावर पेडणेकरवहिनी राहतात. मी खिडकीला जाळी लावली, आठ दिवसांत त्यांच्याकडे जाळी. मी पडदे फुलाफुलांचे केले, त्यांच्याकडे तीच फुलं. माझी बाथरूम व्हायच्या आधी त्यांची झाली असती तर मी जीव दिला असता. म्हणून ठरवलं, काम पुरं होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही.

मग कुणाकडेही गेले की, "जरा हात धुऊन येते." आत जायचं, वर-खाली बघायचं, बाहेर यायचं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटलं सावंतीणबाईंना सोवळ्याचं खूळ लागलं. वाटू दे.

अशात भिशीत कुणीतरी परबांच्या बाथरूमचं सांगितलं. हे परब म्हणजे आमच्याच मालवणकडचे. आधी पूर्वेलाच राहायचे, रेशनच्या रांगेत परबबाईंशी माझी ओळख झालेली. आता त्यांनी पश्चिमेला नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर ब्लॉक घेतला होता. आणि बाथरूम म्हणे छतापर्यंत गुलाबी. गिझर, आरसा, सगळं झकास. ते ऐकल्यापासून मला चैन पडेना.

रविवारी सकाळी मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. एवढी मोठी माणसं, गबाळ्यासारखं कसं जायचं? रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून डबाभर नारळाच्या वड्या केल्या. मीही जरा बरी साडी नेसले. रेल्वेचा पूल ओलांडून आम्ही परबांच्या दारात हजर.

दार परबांनीच उघडलं. ते बनियनवर होते, आम्हाला बघून शर्ट घालायला आत पळाले. परबबाई बाहेर आल्या. त्यांनी मला बघितलं, ह्यांच्या शर्टाची घडी बघितली, वड्यांचा डबा बघितला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. कोपऱ्यात त्यांचा मुलगा विलास पेपर वाचत होता, त्याला म्हणाल्या, जा, शर्ट बदलून ये. मला फार कौतुक वाटलं. किती वळण आहे घराला, पाहुण्यांसाठी मुलगा शर्ट बदलतो.

मग बोलणं सुरू झालं. परबबाईंनी विचारलं, मुलं किती. मी म्हटलं, एकच, नंदा. मग शिकली किती, नोकरी कुठे, उंची किती, मोदक येतात का. आता आईला कुणी मुलीबद्दल विचारलं तर ती काय मिठाची गुळणी धरून बसेल? मी सांगत सुटले. त्यांनीही विलासचं सांगितलं. अंधेरीला कंपनीत आहे, पर्मनंट आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मी अर्धं ऐकलं, अर्धं नाही. माझं सगळं लक्ष पॅसेजच्या टोकाला, तिथे काहीतरी गुलाबी चमकत होतं.

शेवटी राहवेना. म्हटलं, "हरकत नसेल तर घर बघू का? बाथरूम मुख्य."

परबबाई म्हणाल्या, "बघा की सगळं. न बघता कोण पुढे जातं?"

आता काय सांगू तुम्हाला, ती बाथरूम. छतापर्यंत गुलाबी टाइल्स, मधे मधे एक फुलाची. पांढराशुभ्र गिझर. चेहरा धुताना स्वतःला बघता येईल असा आरसा. एक पोपडा नाही, एक डाग नाही. पिंप, टब, बादल्या सगळं काठोकाठ भरून ठेवलेलं. मला अक्षरशः भरून आलं. एवढी वर्षं मी तळ्यात उभी राहून आंघोळ केली आणि जगात हे असं काही होतं.

मी ब्लाउज शिवते, त्यामुळे टेप पर्समध्ये असतेच. काढली. ह्यांना म्हटलं, दुसरं टोक धरा. हे लाजून हॉलमधून उठेचनात. मग विलासला म्हटलं, बाळा, तू धर. त्याने मुकाट धरली. भिंत मोजली, दाराची रुंदी मोजली, गिझर किती उंचावर आहे ते मोजलं. परबबाई दारात उभ्या राहून हसतमुखाने बघत होत्या. पुढे कळलं, त्यांना वाटलं मुलीला लोखंडी कपाट द्यायचंय आणि ते पॅसेजमध्ये या दाराशी वळेल का ते मी बघतेय.

तेवढ्यात मागे सरकताना माझा पाय अडला आणि मी त्या भरलेल्या टबात बसले.

बसले म्हणजे चांगली मांडी घालून बसले. विलासने हात देऊन वर काढलं. परबबाईंनी कपाटातून कोरी साडी काढली, मोरपंखी, घडीही न मोडलेली. मी नको नको म्हणत होते, पण ओलेत्याने पूल कसा ओलांडणार? नेसले. निघताना त्यांनी कुंकू लावलं आणि नारळ घालून ओटी भरली. घरी येईपर्यंत हे विचारत होते, भिजलीस म्हणून साडी दिली ते कळलं, नारळ कशाला? मी म्हटलं, चांगली माणसं आहेत, तुम्हाला अगत्य कळत नाही.

तुम्ही आत्तापासून हसताय. कळलं ना तुम्हाला? त्या काळी मुलीकडची माणसं आधी मुलाचं घर बघून यायची. मुलगा काय, नंतर दिसायचाच, आधी ब्लॉक स्वतःचा की भाड्याचा, संडास आत की बाहेर, हे बघायचं. लग्नाची मुलगी घरात असताना तिचे आईबाप रविवारी इस्त्री करून, गोड घेऊन, लग्नाचा मुलगा असलेल्या घरी जातात आणि बाथरूम बघायला मागतात, याचा अर्थ मुलुंडमधल्या शेंबड्या पोरालाही कळला असता. पण माझ्या डोक्यात टाइल्स होत्या. ज्याच्या डोक्यात टाइल्स असतात त्याला स्थळं सुचत नाहीत. यात माझं काय चुकलं?

पुढच्या आठवड्यात नंदा बँकेतून तणतणत आली. एक बाई काउंटरवर आली, खातं उघडायचं म्हणाली आणि फॉर्म भरता भरता विचारते कशी, चष्म्याचा नंबर आहे का आणि मासे साफ करता येतात का. मी म्हटलं, हल्ली बँकेत काहीही विचारतात. पेडणेकरवहिनीही जिन्यात माझ्याकडे बघून गोड हसू लागल्या. मला वाटलं, झालं, बाथरूमची बातमी फुटली. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

आणि मग एका संध्याकाळी परबबाईंचे भाऊ आले. बाबीमामा म्हणून त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. म्हातारे, टोपी घातलेले, अगदी सभ्य. पाणी प्यायले, चहा घेतला आणि म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्याकडून नकार समजा.

मी म्हटलं, "कसला नकार?"

"तुमच्या मुलीला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना कळलं होतं, हे वर पंख्याकडे बघत होते. मामांनी शांतपणे सगळं सांगितलं. मुलगी त्यांनी बँकेत जाऊन बघितली होती, पसंत होती. पण घर बघून गेल्यावर मुलीकडच्यांनी पत्रिका पाठवायची असते. आम्ही पाठवली नाही, निरोप नाही, काही नाही. म्हणजे आम्हालाच नको असणार. मग आपणच आधी नाही म्हणावं, निदान मुलाच्या आईची मान खाली जात नाही. शिवाय, ते जरा घुटमळले, मुलीची आई घरात येऊन भिंती मोजते, मुलाशी दोन शब्द बोलायचे सोडून त्याला टेप धरायला लावते आणि भरलेला टब सांडते, असंही घरी बोलणं झालं.

आता मला सांगा. कुणी शहाणी बाई असती तर म्हणाली असती, मामा, गैरसमज झाला, आम्ही स्थळ घेऊन आलोच नव्हतो. हसून सोडून दिलं असतं. माझी बाथरूम जिथल्या तिथे, दोन वर्षं मोकळी, मिस्त्री उद्या बोलावता आला असता.

पण माझ्या नंदाला नकार? बी.कॉम. झालेल्या, बँकेत लागलेल्या माझ्या मुलीला? जी मी दाखवलीच नव्हती तिला नाही म्हणायचा यांना अधिकार कुणी दिला? माझं टाळकंच फिरलं. मी ती मोरपंखी साडी धुतली, इस्त्री केली, नारळ आम्ही खाल्ला होता म्हणून बाजारातून दुसरा घेतला आणि दुसऱ्या दिवशी परबांच्या घरी जाऊन दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. हे मागून धापा टाकत आले.

"परबबाई, मी तुमच्या मुलासाठी आलेच नव्हते," मी म्हटलं. "मला माझी मोरी फोडून नवीन करायचीय. मी बाथरूम बघायला आले होते."

मला वाटलं, आता या ओशाळतील. पण परबबाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"माझा विलास तुमच्या समोर टेप धरून उभा होता, आणि तुम्ही टाइल्स बघत होतात?"

"हो."

"एवढा सहा फुटी मुलगा दिसला नाही तुम्हाला?"

दिसला होता, पण मी त्याच्यामागची फुलाची टाइल बघत होते. मी म्हटलं, "तो दिसला की नाही ते सोडा. माझ्या नंदाला नाकारायला तिच्यात कमी काय आहे ते सांगा."

"तिच्यात काही कमी नाही," परबबाई म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला नाकारलं."

असं तोंडावर. माझ्या तोंडावर. हे मागून माझा पदर ओढत होते, मी तो सोडवून घेतला. म्हटलं, मला खुशाल नाकारा, माझं लग्न झालंय. पण नंदाला नाही म्हणायचं तर रीतसर माझ्या घरी या, तिच्या हातचे पोहे खा, आणि मग नाही म्हणून दाखवा. परबबाई म्हणाल्या, येतो, आणि तुम्हीही विलासशी चार शब्द बोला आणि मग नाही म्हणून दाखवा. मी म्हटलं, रविवारी. त्या म्हणाल्या, रविवारीच.

पुलावर येईपर्यंत माझा राग उतरला आणि मग ध्यानात आलं मी काय करून बसले ते. हे कधी मालवणीत बोलत नाहीत, फक्त गावी आणि संकटात बोलतात. पुलाच्या मधोमध थांबून म्हणाले, "मंदा, गेला गो तुझा बाथरूम."

घरी नंदाने आकाशपाताळ एक केलं. तिचं बरोबर होतं, मी तिला विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, तू फक्त बस आणि नाही म्हण, मला फक्त त्यांच्याकडून हो यायला हवंय. म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील, नाकही राहील आणि बाथरूमही. माझा हिशेब चोख होता. पोरीने साडी नेसायला साफ नकार दिला, बँकेत जाते त्याच ड्रेसवर पोहे आणून आपटले. मी खूश. म्हटलं, ही नक्की नाही म्हणणार.

दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावला. विलासचं पहिलं वाक्य काय असावं? "तुमच्या आई टबात पडल्या तेव्हाही त्यांनी टेप सोडली नव्हती." आणि आमची नंदा हसली. अशी हसली की मी कान काढून घेतला. आईला कळतं ते हसू. माझी गुलाबी टाइल तिथल्या तिथे फुटली.

दोघंही हो म्हणाले. मी नंदाला एकीकडे घेऊन विचारलं, अगं, तुझी दोन वर्षं? म्हणते कशी, "आई, ते बघू." बापाची मुलगी.

लग्न झालं. चांगलं झालं, कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि माझी बाथरूम मांडवात, दागिन्यांत, जिलबीच्या पंगतीत संपली. मी मनाची समजूत घातली की माझ्या नशिबी नाही तर नाही, माझी लेक तरी रोज गुलाबी भिंतींत आंघोळ करेल. हे मी पेडणेकरवहिनींना ऐकवलंसुद्धा, दोनदा.

लग्नाला पंधरा दिवस झाले नसतील, सकाळी सकाळी बेल वाजली. नंदा दारात. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, बँकेचे कपडे.

"आई, आमच्याकडे पाणी नाही. पटकन आंघोळ करून जाऊ?"

नवी बिल्डिंग, कनेक्शन पुरतं आलेलं नाही. पाणी चौथ्या मजल्यावर चढलं तर चढलं, नाहीतर टँकर. टँकर आला की पिंपं भरायची आणि तेच पाणी पुरवून पुरवून वापरायचं. गिझर आहे, पण त्यात घालायला पाणी कुठे? मी बसले होते तो टब म्हणे त्यांचं दोन दिवसांचं पाणी होतं. आमची बिल्डिंग जुनी, पाइप जाड, आम्ही पहिल्या मजल्यावर. नळ सोडला की बादली भरून बाहेर. माझे बाबा माझं सासर बघायला गेले होते तेव्हा त्यांनी दारातच पहिला प्रश्न विचारला होता, पाणी किती वेळ येतं. मी विचारला नाही. का विचारू? मी काय स्थळ बघायला गेले होते? मी बाथरूम बघायला गेले होते.

मग रोजचंच झालं. आधी नंदा, मग जावईबापू संकोचत, मग परब, तेही हळूहळू बनियनवर आले. पहिल्या दिवाळीला तर नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळं परब घराणं उटणं आणि टॉवेल घेऊन आमच्या दारात. बाबीमामासुद्धा. रांग मोरीपासून गॅलरीपर्यंत. परबबाई न्हाऊन बाहेर आल्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळत माझ्या शेजारी बसल्या, खूप दिवसांनी भरपूर पाण्याने आंघोळ झाली की माणूस कसं दिसतं तशा दिसत होत्या. म्हणाल्या, विहीणबाई, सुख झालं.

पुढल्या वर्षी ह्यांना बोनस मिळाला. आणि आमच्या ह्यांनी, ज्यांनी जन्मभर "बघू" म्हटलं त्या माणसाने, मला न सांगता मिस्त्री आणला. मिस्त्री मोरीत शिरला, फरशीवर हातोडी वाजवून बघितली आणि म्हणाला, उद्या फोडायला घेतो, महिनाभर मोरी बंद राहील.

बाहेर तेव्हा जावईबापू टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. त्यांच्या मागे परब. गॅलरीतून परबबाईंच्या तांब्याचा आवाज येत होता, मिस्त्री मोरीत शिरायच्या आधी त्यांनी दोन बादल्या भरून तिथे नेल्या होत्या आणि पाय धूत होत्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांनी तर हात जोडून विचारलं, "काय मॅडम, फोडू या ना?"

मी उठले, मोरीच्या दारात आडवी उभी राहिले आणि मिस्त्रीला म्हटलं, "खबरदार हातोडी मारलीस तर. माझी विहीण महिनाभर पारोशी राहील."